लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं

माझं लग्न ठरवायला आम्ही पिशोरला गेलो, तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि काकांना विचारलं, "पोरगा करतो काय?"

काका म्हणाले, "पक्षी मोजतो."

"मोजून?"

"लिहून ठेवतो."

"आन मग?"

काका जरा अडखळले. "मग पुढच्या वर्षी परत मोजतो."

ओसरीवरच्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या, असं मला अजून वाटतं. शेवटी सासऱ्यांनी निकाल दिला, तो सुनंदाच्या माहेरी आजही सांगतात: पाखरं मोजणाऱ्याला व्यसनाला वेळ कुठून मिळणार, देऊन टाकू पोरगी. सुनंदा म्हणते, तिला वाटलं होतं ही सरकारी नोकरी असावी, कारण इतकं निरुपयोगी काम दुसरं कोण करून घेणार? आमची नोकरी सरकारी नव्हती. संभाजीनगरातल्या एका छोट्या निसर्गसंस्थेत मी होतो, अजून आहे, आणि आमची संस्था वनखात्याला अभयारण्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देते. गौताळ्याच्या डोंगरात किती जातीचे पक्षी आहेत, कुठं वाढले, कुठं घटले, हे दर हिवाळ्यात सांगायचं. एवढंच माझं आयुष्यभराचं काम.

बाहेरच्या माणसाला ते कसं चालतं हे सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

जंगलात एक ठरावीक वाट आखलेली असते. तिला आम्ही लाइन म्हणतो. माझी लाइन पिशोरच्या बाजूनं चढणाऱ्या एका नाल्याच्या कडेनं जाते. खाली पळस, मधे अंजन आणि साग, वर सालईची पांढुरकी झाडं, नाल्यात उंबर. फटफटताना खालून निघायचं आणि इतकं हळू चालायचं की गुराखी "काही हरवलं का?" असं विचारतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना एक हद्द मनात धरलेली असते. हद्दीच्या आतला पक्षी मोजायचा, बाहेरचा कितीही देखणा असला तरी सोडायचा. डोक्यावरून नुसता उडत गेलेला धरायचा नाही. आणि दरवर्षी तीच वाट, तोच हंगाम, तीच चाल.

लोकांना हे डोळ्यांचं काम वाटतं, कारण गळ्यात दुर्बीण असते आणि फोटोत ती फार भारदस्त दिसते. खरं म्हणजे झाडीत शिरलं की पक्षी कानानं सापडतो. तांबट ठोके देतो, भारद्वाज घुमतो, टकाचोर गंजक्या बिजागरीसारखा करकरतो, सातभाई तर घरातली भांडणं रस्त्यावर आणल्यासारखे ओरडतात. दिसला तर दिसला. आवाज ओळखता आला की तो मोजला.

एकदा शहरातले एक निवृत्त वकीलसाहेब पाहणीला हौशीनं आले होते. पांढरी पँट, अत्तर, आणि हातात घडीची काठी. मी दर दहा पावलांना "शिंजीर, एक, उजवीकडं" असं म्हणत होतो आणि ते दरवेळी मान उंचावून विचारत होते, कुठाय? मी म्हणालो, दिसला नाही, ऐकला. ते थांबले. म्हणाले, "म्हणजे हा सगळा ऐकीव पुरावा. कोर्टात एक मिनिट टिकणार नाही." मी हसलो. माझ्या कानांवर तेव्हा माझा इतका विश्वास होता की मला त्या वाक्याची कीव आली. वकीलसाहेब, तुम्ही कुठं असाल तिथून हसून घ्या.

आता मुश्ताकभाई. हे सिल्लोडचे, एका शाळेत चित्रकला शिकवतात. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, पण यांचा जीव रंगात आणि रानात. अक्षर असं की आमच्या पाहणीचा कागद वनखात्यात गेला की तिथला कारकून तो आधी बघतो आणि मग वाचतो. सगळे हिवाळे आम्ही दोघं जोडीनं ती लाइन चाललो. मी बोलायचो, ते लिहायचे.

या जोडीचा एक नियम होता आणि तो मीच केला होता: लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं. दोघंही बोलायला लागले की एकच पक्षी दोनदा कागदावर चढतो. शिवाय यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवायचा असेल तर मोजणारा माणूस तोच लागतो. नव्या माणसांना हे समजावताना मी मुश्ताकभाईंच्या दुकानाचाच दाखला द्यायचो, की गज रोज बदलला तर कापड वाढलं का घटलं हे कसं कळणार? म्हणून गज एकच, आणि तो मी. हे सांगताना माझी छाती थोडी पुढं यायची, असं सुनंदा म्हणते. पोट पुढं यायचं, असं ती म्हणते खरं तर.

मुश्ताकभाईंनी हा नियम नमाजासारखा पाळला. वाटेवर ते एक शब्द बोलत नसत. मी म्हणायचो, ते लिहायचे, पेन्सिलीची खसखस व्हायची आणि आम्ही पुढं सरकायचो. त्यांच्याइतका चांगला जोडीदार मला या धंद्यात दुसरा मिळाला नाही.

तर, गेली काही वर्षं माझ्या लाइनवरचे बारीक आवाजाचे पक्षी कमी व्हायला लागले. आधी निखार गेले. निखार म्हणजे केशरी पोटाचा छोटा पक्षी, थव्यानं फिरतो, आवाज जरीच्या तारेसारखा. मग फुलटोच्या. हा तर अंगठ्याएवढा जीव. बांडगुळाची फळं खातो आणि त्याच्या बिया फांद्यांवर पुसत फिरतो, त्यामुळं बांडगूळ झाडोझाडी पसरतं. त्याची "टिक, टिक" पूर्वी नाल्यात पाऊल टाकलं की सुरू व्हायची. ती विरळ होत होत थांबली. तांबट, भारद्वाज, टकाचोर, मोर मात्र होते तसेच.

या गोष्टीनं मी खरोखर हललो. माझ्या डोळ्यांदेखत एक दरी मुकी होत होती. मी वाचन वाढवलं, कारणं शोधली: वाटेवर वाढलेल्या मोटारसायकली, धूळ, किडे कमी होणं. शहरात एका सभागृहात या विषयावर भाषण दिलं. शेवटचं वाक्य होतं, "जंगल मरतं तेव्हा सगळ्यांत आधी बारीक आवाज जातात." टाळ्या पडल्या. एका बाईंनी डोळे पुसले. वाक्य बरोबरच होतं म्हणा, फक्त जंगलाबद्दल नव्हतं.

त्या सभागृहात आमच्या भागाच्या नव्या वनअधिकारी मॅडम बसल्या होत्या. तरुण, हुशार, आणि ऐकलेलं मनावर घेणाऱ्या. त्यांनी मला बोलावून सांगितलं की तुमचा यंदाचा अहवाल आला की मी त्या नाल्यातली येण्याजाण्याची वाट बंद करायचा प्रस्ताव पाठवते. माणूस नाही, मोटारसायकल नाही. पक्ष्यांना परत येऊ द्या. मला आनंद झाला. आयुष्यभर मोजून ठेवलेल्याचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग होत होता.

ती वाट कोणाची? माझ्या सासुरवाडीची. डोंगराच्या पलीकडं त्यांच्या भावकीची शेतं आहेत. नाल्यातून चढून गेलं की न्याहारी गरम असताना माणूस शेतात पोचतो, रस्त्यानं जायचं तर सगळा डोंगर वळसा घालावा लागतो. दिवाळीला आम्ही पिशोरला गेलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. मामा, म्हणजे माझे सासरे, आता थकलेत, पण जीभ नाही. जेवताना त्यांनी माझ्या ताटात स्वतः तूप वाढलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्या पाखरांनी आमची वाट अडवली म्हणं."

मी म्हणालो, "मामा, पाखरं राहिलीच नाहीत तिथं. म्हणून तर."

"नाहीत? आन मग आमच्या आंब्यावर बांडगूळ कोण लावून ऱ्हायलं? यंदा तर लई झालंय."

मी त्यांना बांडगुळावर दहा मिनिटं माहिती दिली. प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न मला ऐकूच आला नव्हता. कानात आला होता, डोक्यात नाही. सुनंदा घरी येताना गाडीत म्हणाली, "आमच्या आप्पांच्या पायांनी आता वळसा होणार नाही. तेवढं तुझ्या अहवालात लिहिशील का?" मी म्हणालो, अहवालात जे आहे तेच लिहायचं असतं.

आणि पाहणीच्या तोंडावर मुश्ताकभाई सिल्लोडच्या बाजारात मक्याच्या ट्रॉलीला चुकवताना स्कूटरवरून पडले. उजव्या मनगटाला प्लास्टर. दुसरा माणूस शोधायला वेळ नव्हता. मी म्हणालो, मुश्ताकभाई, यंदा उलटं करू. तुम्ही बोला, मी लिहितो. तुमच्या गजाचा आकडा वेगळा ठेवू, आणि मी मनातल्या मनात माझाही मोजत जाईन. ते फोनवर जरा घुटमळले. मग म्हणाले, "ठीक है सर. लेकिन मेरी आदत नहीं बोलनेकी."

सकाळ थंड होती. नाल्यात धुकं बसलेलं, पळसाच्या पानांवरून दव टपकत होतं. मी कागद धरून खाली मान घातली, आमच्या नियमाप्रमाणं. मुश्ताकभाई आधी दबक्या आवाजात बोलायला लागले, शाळेत पहिल्यांदा कविता म्हणणाऱ्या मुलासारखे. सातभाई. मी लिहिलं. तांबट. लिहिलं. भारद्वाज. आमचं दोघांचं जुळत होतं.

मग ते म्हणाले, "फुलटोच्या, एक, डावीकडं, उंबरावर."

मी कान दिला. काही नाही. लिहिलं.

चार पावलं पुढं. "निखार, थवा, चार असतील. सालईकडं चाललेत." काही नाही. "फुलटोच्या, परत एक." काही नाही.

मी लिहीत होतो. मला वाटलं, हा माणूस पक्षी पैदा करतोय. मुश्ताकभाई कित्येकदा माझ्या सासुरवाडीला जेवलेले. मामांचा त्यांच्यावर जीव. वाट बंद होऊ नये म्हणून, का माझा पडलेला चेहरा बघवत नाही म्हणून, पण नाल्यात नसलेले पक्षी माझ्याच हातानं कागदावर चढवतायत. इतक्या वर्षांचा जोडीदार. मला रागापेक्षा वाईट वाटत होतं. पुढच्या उंबराखाली त्यांनी पुन्हा तेच नाव घेतलं आणि मी पेन्सिल थांबवली. वाटेवर असा थांबलो नव्हतो कधी.

"कुठाय?" मी विचारलं. वकीलसाहेबांसारखं.

मुश्ताकभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "काय सर, कुठाय? समोर तर ओरडतोय."

"दाखवा."

त्यांनी डावा हात वर केला. बोटाच्या रेषेत मी दुर्बीण लावली. उंबराच्या फांदीवर बांडगुळाचा झुबका होता, लाल फुलांचा, आणि त्याच्या कडेला तो बसला होता. राखी, गोल, कवडीएवढा. उन्हाची पहिली तिरीप त्याच्या अंगावर होती. त्यानं चोच उघडली. गळ्याची पिसं थरथरली, शेपटी हलली, सगळं शरीर त्या आवाजाला लागलं होतं. चोच मिटली. पुन्हा उघडली. माझ्यापासून आंब्याच्या झाडाच्या उंचीइतक्या अंतरावर एक पक्षी पूर्ण ताकदीनं ओरडत होता आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

पानावरून टपकणारं दव मला ऐकू येत होतं. लांबचा मोर येत होता. मुश्ताकभाईंचा श्वास येत होता.

किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. दुर्बिणीच्या काचा धुरकट झाल्या तेव्हा खाली केली. मी विचारलं, "हे दरवर्षी असतात?"

"असतात ना."

"मग बोलला का नाहीत?"

मुश्ताकभाई गोंधळून म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणला होता, लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं. मला वाटायचं तुम्ही त्यांना हद्दीबाहेर धरता."

म्हणजे बघा. माझ्या शेजारी वर्षानुवर्षं चांगले कान चालत होते आणि त्यांचं तोंड मी नियमानं शिवून टाकलं होतं. आणि त्या भल्या माणसानं माझ्यावर इतका विश्वास टाकला, की समोर ओरडणारा पक्षी मी सोडला तर त्यात काही शास्त्र असणार असं धरून चालला. मी तिथंच दगडावर बसलो. मुश्ताकभाई शेजारी बसले. प्लास्टरचा हात त्यांनी मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाले, "सर, कपडा उतनाच है. गज छोटा हुआ."

आम्ही उठलो आणि लाइन पुरी केली. अर्धी सोडायची नसते. वरच्या टोकापर्यंत मी माझ्या हातानं निखार लिहिले, फुलटोचे लिहिले, एकही ऐकला नाही.

शहरात कानाच्या डॉक्टरांनी मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे लावले, आणि सांगितलं की खालच्या पट्टीतलं सगळं शाबूत आहे, वरच्या पट्टीतलं गेलंय. वयानं जातं, बहुतेकांना कळतही नाही. यंत्र लावून बोलणं स्पष्ट होईल, पण तुमच्या त्या पक्ष्याच्या उंचीचं काही परत येणार नाही. सुनंदा बरोबर होती. तिनं विचारलं, म्हणजे कुकर गॅसवर ओरडत असतो, थर्मामीटर वाजतो, ते याला येत नसणार? डॉक्टर म्हणाले, थर्मामीटर नसेल येत. कुकर यायला हवा. "आणि माझा आवाज?" तुमचा आवाज तर उत्तम यायला हवा, डॉक्टर म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात मिळालेली एकमेव चांगली सबब त्या माणसानं अर्ध्या मिनिटात काढून घेतली.

खरी कसोटी पुढं होती. मॅडमच्या कार्यालयात बैठक होती, माझा अहवाल मांडायचा होता, आणि वाटेच्या प्रस्तावाचा कागद त्यांच्या टेबलावर तयार होता. गप्प राहायला जागा होती, खोटं कशाला सांगू. मोजणाऱ्याच्या धंद्यात कान गेला हे सांगणं म्हणजे गवयानं गळा गेला सांगण्यासारखं. उद्या कोण मला लाइनवर पाठवणार? पण मामांचे पाय डोळ्यांपुढं येत होते आणि त्याहून जास्त तो पक्षी येत होता. तो तिथं होता. इतका जीव तोडून सांगत होता की मी आहे. त्याला मी नाही म्हणणार?

मी उभा राहिलो आणि सांगितलं की त्या नाल्यातले बारीक पक्षी कमी झालेले नाहीत. मॅडमनी जुने आकडे पुढं केले. म्हणाल्या, "सर, हे तुमचेच आहेत. मग कमी काय झालं?"

"माझा कान, मॅडम."

टेबलाभोवती कोणी हसलं नाही, याचे मी आजही आभार मानतो. मॅडमनी जुने आकडे बाजूला सारले, प्रस्तावाचा कागद उलटा ठेवला आणि विचारलं की मुश्ताकभाई पुढं बोलणार असतील तर त्यांचं माप आधी कसं तपासायचं. चांगला प्रश्न होता. मग आम्ही तेच ठरवलं. जुने बारीक आवाजाचे आकडे बाद, इथून पुढं मुश्ताकभाईंचा गज, आणि बोलणाऱ्या प्रत्येकाचे कान हंगामाआधी तपासायचे. आमच्या भागात हा रिवाज माझ्यामुळं पडला. नाव काढायला एवढं तरी माझ्या मागं राहील.

वाट उघडी राहिली. मामांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पाखरं व्हती. तुम्हीच नव्हता तिथं." मग सुनंदाकडं वळून म्हणाले, "तरी म्या तवाच म्हणलं व्हतं, मोजून काय करतो."

आता मी लिहितो. माझं अक्षर बघून वनखात्यातल्या कारकुनानं चौकशी केली की मुश्ताकसर आजारी आहेत का. त्यांचं मनगट कधीच बरं झालं, पण आम्ही परत अदलाबदल केली नाही. ते पुढं चालतात, बोलतात, आणि मी मान खाली घालून मागं. आता त्यांचा आवाज मोकळा झालाय. इतकी वर्षं तोंडात साठवलेले पक्षी बाहेर पडल्यासारखे येतात, डावीकडं, उजवीकडं, खाली, वर, आणि त्यातले निम्मे माझ्यासाठी फक्त शब्द असतात. ती दरी इतकी भरलेली होती हे मला आत्ता कळतंय, माझ्याच पेन्सिलीखाली.

नियम तोच आहे, लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं. मी पाळतो. मुश्ताकभाईंनी मात्र एक भर घातली, मला न विचारता. उंबराखाली आलो की ते जरा थांबतात, मला शेजारी येऊ देतात, आणि नाव उच्चारायच्या आधी एक बोट माझ्या खांद्यावर ठेवून हळू ठोका देतात. टिक. मग थोडं थांबून, टिक, टिक. त्याच्याच लयीत. मी मान वर करत नाही. फुलटोच्या, एक, असं लिहितो.